आखडलेलं कापड

भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या घराची मागची भिंत आणि बाबांच्या कारखान्याची पुढची भिंत एकच होती. पलीकडे डझनभर लूम, म्हणजे यंत्रमाग, चालायचे आणि अलीकडे आम्ही जेवायचो, झोपायचो, भांडायचो. मांडणीवरची स्टीलची भांडी दिवसभर बारीक थरथरत असायची. पाण्याचा तांब्या हळूहळू कडेला सरकायचा आणि आई येता-जाता त्याला मागे ढकलायची, ते तिच्या लक्षातही यायचं नाही. आम्हाला आवाज ऐकूच येत नसे. पाहुणे आले आणि ओरडून बोलायला लागले, की आवाज आहे हे कळायचं. लोडशेडिंगमध्ये सगळ्या कामतघरचे लूम एकदम थांबायचे. माझी मावसबहीण तिचं तान्हं बाळ घेऊन राहायला आली होती, तर ते बाळ लूमच्या आवाजात गाढ झोपायचं आणि लाइट गेली की दचकून रडत उठायचं. कापसाची भुकटी सगळीकडे असायची. उशीवर, देवाच्या फोटोवर, डाळीच्या पातेल्यावर झाकण राहिलं तर डाळीतही. आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची ती स्वयंपाकघराचं दार लावून. आजही परगावी कुठे पिठाने माखलेली गिरणी दिसली, की मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटतं.

बाबा शेतकऱ्याच्या घरातले. आमच्या आजोबांची भातशेती होती. तिच्यातला रस्त्यालगतचा तुकडा राखून बाबांनी शेड उभारली आणि जुने लूम आणून बसवले. कामगार त्यांना शेठ म्हणायचे, पण शेठसारखं काही त्यांच्यात नव्हतं. सकाळी पहिल्या शिफ्टला ते बनियनवरच आत जायचे आणि निघालेल्या कापडावरून हात फिरवत चालायचे. कापड साधं, कोरं, पांढुरकं. इथून ते कुठेतरी जायचं, रंगायचं, छापलं जायचं आणि कुणाच्या तरी अंगावर चढायचं. ते कुणाच्या अंगावर गेलं हे आम्हाला कधी कळलं नाही. बाबांना एवढंच कळायचं, की त्यात गाठ नको, सुटलेला धागा नको, जाड-बारीक पट्टा नको. ‘साफ माल’ हा त्यांचा शब्द होता. माणसाबद्दल चांगलं बोलायचं झालं तरी ते म्हणायचे, “माणूस साफ माल आहे.”

मी ठाण्याच्या एका कॉलेजात फॅशन आणि टेक्स्टाइलचा कोर्स करायला लागले, तेव्हा बाबांना ते फार विचित्र वाटलं. कापड शिकायला भिवंडीची मुलगी ठाण्याला जाते, याचं त्यांना हसू यायचं. पण त्यांनी अडवलं नाही. मी सकाळच्या एसटीने जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. शेवटच्या वर्षी प्रत्येकीने स्वतःचं कलेक्शन करायचं होतं, आणि त्याआधी ते कशावरून सुचलं ते मोठ्या पुठ्ठ्यावर मांडून दाखवायचं होतं. रंग, फोटो, कापडाचे तुकडे, हाताला लागेल असं काहीतरी. मी शिंपले निवडले. गुळगुळीत कागदाच्या मासिकांतून चित्रं कापली, समुद्राचे रंग लावले, दुकानातून मोती आणून चिकटवले. आमच्या मॅडम कडक होत्या, पण टाकून बोलायच्या नाहीत. त्यांनी पुठ्ठा बराच वेळ पाहिला.

“सुजाता, तू शेवटची समुद्रावर कधी गेली होतीस?”

मला आठवेना.

“मग हे कुठून आलं? तू राहतेस कुठे?”

“भिवंडी.”

“मग हात लावावासा वाटेल असं काही भिवंडीत नाही?”

वर्गात हशा पिकला. त्या मात्र खरंच विचारत होत्या. मी घरी येताना रस्ताभर रागावले होते. भिवंडीत काय आहे, तर खड्डे, ट्रक, गोदामं आणि कोरं कापड. मैत्रिणींपैकी एक कच्छला जाऊन आली होती, एकीची आजी पैठणी नेसायची. आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, हे मला तोवर पक्कं वाटत होतं.

तरी मी शोधायला लागले, कारण दुसरा उपाय नव्हता. मावसभावाचा कॅमेरा मागून घेतला आणि रिकाम्या वेळात भटकले. खाडीकडे गेले, तिथल्या सुकलेल्या चिखलाला पडलेल्या भेगांचे फोटो काढले. मासळी वाळवायच्या वलांडीवर टांगलेल्या सुक्या बोंबलांना हात लावून पाहिला. सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या कारखान्याबाहेर सांडलेली कांजी वाळून तिचे पापुद्रे सुटले होते, ते पुडीत बांधून आणले. घरी दुधावरची साय बोटाने उचलून बघायचे, तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा फुगताना बघत बसायचे. आईला वाटायचं पोरीची भूक वाढली. हे सगळं वहीत चिकटवलं की छान दिसायचं, पण त्याचं कापड कसं होणार ते सुचत नव्हतं. बोंबील छापलेला कुर्ता कोण घालणार?

आमच्याकडे हिराआत्या राहायची. ती बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन खाडीकाठच्या गावाला गेली होती, नवरा वारल्यावर माहेरी परतली. बाबा घरात एकट्या तिलाच भीत. तिचे गुडघे धरायचे, आणि थंडी पडली की तिला अकलोलीच्या गरम कुंडांची आठवण व्हायची. त्या वर्षी तिला घेऊन जायची पाळी माझी होती. मी कुरकुरले, कारण मला पुठ्ठ्याचं काम होतं. आत्या म्हणाली, “तुजा पुठ्ठा काय पलून जात न्हाय. माजं गुरगं चाललं. चल.”

वज्रेश्वरीला उतरून आधी देवीचं दर्शन, मग अकलोली, हा तिचा क्रम ठरलेला. देवळाच्या पायऱ्या ती प्रत्येक पायरीला शिवी देत चढली आणि वर जाऊन मनोभावे हात जोडले. कुंडावर बायकांची गर्दी होती. पाण्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येत होता, आणि पाय टाकला की पहिल्यांदा जीव वर यायचा. आत्या लुगड्यानिशी आत उतरली आणि गळ्यापर्यंत बसून तिने डोळे मिटले. मी काठावर बसले होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “बाय, पंचा दे.” मी तिच्या पिशवीतून कापड काढून दिलं. पंचा म्हणजे कारखान्यातल्या कोपऱ्यात पडलेल्या कापडाचा, तिने फाडून आणलेला तुकडा. तो तिच्या हातातून निसटून कुंडात पडला, आणि ती दुसऱ्या बाईशी गुडघ्यांबद्दल बोलत राहिली. मग तिला आठवण झाली. तिने तो बाहेर ओढला.

“यो काय झाला कापराला? आखरला बग.”

मी पाहिलं. सपाट, ताठ असलेलं ते कापड अर्ध्या रुंदीचं झालं होतं. त्याच्यावर उभ्या बारीक सुरकुत्या धावत होत्या. सरळ नव्हेत, एकमेकींत शिरणाऱ्या, खाडीच्या ओल्या वाळूवर पाणी उतरताना उमटतात तशा. मी तो पंचा पिळला, झटकला, दगडावर पसरून हाताने ताणला. हात सोडला की तो पुन्हा आखडायचा. रबरासारखा नाही, अंग चोरून घेणाऱ्या जनावरासारखा. आत्याने तिची बोटं माझ्यापुढे धरली. गरम पाण्यात बसून ती पांढरी, सुरकुतलेली झाली होती. “माज्या बोटांसारखाच झाला,” ती म्हणाली आणि हसली. मी तिच्या हाताचा आणि कापडाचा शेजारी-शेजारी फोटो काढला. काठावरच्या बायकांना वाटलं, ही कुंडाच्या चमत्काराची बातमी छापणार.

परतीच्या एसटीत तो ओला तुकडा मी मांडीवर घेऊन बसले होते. आत्याला डुलकी लागली होती. मला मात्र तो कोपऱ्यातला माल कुठला, ते आठवलं होतं, आणि घरी तो विषय कसा काढायचा याचाच विचार चालला होता.

त्याची गोष्ट अशी. आदल्या वर्षी एका व्यापाऱ्याने बाबांना विणायला सूत दिलं होतं. त्या सुताला पीळ फार होता. इतका, की धागा जरा सैल पडला की स्वतःभोवतीच गुंडाळायचा. बाबांनी तसंच विणून एक तागा काढला. लूमवर ताणलेला असताना तो बरा दिसला, पण व्यापाऱ्याच्या गोदामात ओल लागून त्याच्या वरच्या घड्यांना सुरकुत्या पडल्या. व्यापाऱ्याने भर चौकात, चहाच्या टपरीवर, चार कारखानदारांसमोर तो बाबांच्या पायाशी टाकला आणि विचारलं, “शेठ, ये माल है या पोंछा?” सूत त्याचंच होतं, दोष सुताचा होता. तरी तो तागा बाबांनी रिक्षात टाकून आणला आणि उरलेल्या सुतासकट कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ढकलला. त्यानंतर ते त्या टपरीवर चहाला गेले नाहीत.

रात्री जेवताना मी तो तुकडा त्यांच्या ताटाजवळ ठेवला. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, वालाचं कालवण. बाबांनी तुकड्याकडे पाहिलं आणि घास तोंडात तसाच ठेवला.

“हा कुठून काढलास?”

“बाबा, मला असं कापड हवंय. माझ्या कलेक्शनला. आपल्याकडचं ते सूत वापरून.”

“ते सूत भंगारात जायचं आहे.”

“म्हणूनच म्हणते. त्याआधी मला विणून द्या.”

भंगाराचं सांगायला हवं. त्या वर्षी बाबांनी लूम विकायचं ठरवलं होतं. आजूबाजूच्या शेडी एकेक करून पाडून गोदामं उभी राहत होती. विजेचा भरवसा नव्हता, कामगार गावी जाऊन परतत नव्हते. होळीनंतर भंगारवाला येऊन लूम तोडून नेणार, हे बोलणं झालं होतं. घरात त्याबद्दल कुणी मोठ्याने काही म्हणत नव्हतं. आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे, पण ह्या विषयावर सगळे हळू बोलत.

“इतकी वर्षं साफ माल काढला,” बाबा म्हणाले. “आणि जाता जाता मुद्दाम खराब माल काढू?”

“खराब नाही बाबा, हे वेगळं आहे.”

“मला वेगळं शिकवू नकोस. चौकात माझ्या पायावर पडलंय ते वेगळं.”

ते ताटावरून उठले. आई माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली. हिराआत्या मात्र शांतपणे जवळा खात होती. बाबा हात धुऊन आले तेव्हा ती म्हणाली, “अरं, त्या मानसाला नको होता, त्यानं टाकला. हिला पायजे हाय, ही मागते. यात तुजी इज्जत कुठं जाते?”

“ताय, तुला नाही कळायचं.”

“मना न्हाय कलत. पन तू त्या येका मानसाचं आयकून चाय सोरलीस, नि पोरीचं आयकत न्हाय, येवरा मना कलतं.”

बाबा झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघताना ताडपत्री बाजूला पडलेली दिसली. आत रहमतभाई धोट्यात बसवायच्या कांड्यांवर ते सूत भरत होते. रहमतभाई उत्तर प्रदेशातले, बाबांकडे सगळ्यात जुने. मला बघून ते म्हणाले, “शेठ बोले, बिटिया का माल है, एक लूम खाली करो.” बाबा तिथेच उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “परीक्षेपुरतं. आणि कुणाला सांगायचं नाही इथे विणलं म्हणून.”

ते विणणं सोपं नव्हतं. धागा धोट्यातून निघताना वळ्या खायचा, अडकायचा, तुटायचा. रहमतभाई कपाळाला हात लावायचे आणि पुन्हा जोडायचे. दोन-तीन दिवस बाबा लांबूनच बघत राहिले. मग त्यांना राहवेना. त्यांनी भरलेल्या कांड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला लावल्या. धागा जरा नरमला, गुंता कमी झाला. मग त्यांना आणखी काही सुचलं. साधं सूत आणि हे सूत आलटून-पालटून पट्ट्यांत घालून पाहिलं, तेव्हा गरम पाण्यात फक्त पट्टेच आखडले आणि मधलं कापड फुग्यासारखं वर आलं. आम्ही ते आईच्या मोठ्या पातेल्यात बुडवून पाहायचो. आईने एक पातेलं त्यासाठीच देऊन टाकलं. बाबा नमुना हातात घेऊन उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, “अजून खराब यायला हवं.” हे वाक्य आपण बोललो, याचं त्यांना स्वतःलाच हसू आलं होतं. ते हसले म्हणून रहमतभाई हसले, आणि त्या शेडमध्ये लूमच्या वरताण मी माणसांचं हसणं पहिल्यांदा ऐकलं.

मॅडमनी नवा पुठ्ठा पाहिला. त्यावर आत्याच्या बोटांचा फोटो होता, खाडीचा चिखल होता, कांजीचे पापुद्रे होते, आणि मध्ये कापड. त्या फोटोंकडे नंतर वळल्या. आधी त्यांनी कापडावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. “शिवायला घे,” एवढंच म्हणाल्या.

मी पाच कपडे शिवले. ते मंचावर दाखवायच्या शोच्या दिवशी बाबा आणि आत्या आले होते. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, आत्या कडक लुगड्यात. मी त्यांना मागच्या खोलीत, कपडे टांगले होते तिथे घेऊन गेले आणि दारातच थबकले. माझे पाचही कपडे सपाट होते. आरशासारखे. सगळ्यांचे कपडे एकत्र इस्त्रीला गेले होते, आणि बिचाऱ्या इस्त्रीवाल्याने माझे चुरगळलेले बघून जास्तच मन लावून, दाबून, ताणून इस्त्री केली होती. सुरकुती म्हणून उरली नव्हती.

काय झालंय ते बाबांना कळलं नव्हतं. त्यांनी एका बाहीवरून हात फिरवला. “आता कसं कापडासारखं कापड दिसतंय,” ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला रडायलाही येत नव्हतं. नुसतं तोंड उघडं होतं. बाहेर खुर्च्या भरत होत्या.

“गरम पाणी कुठे मिळेल?” बाबांनी विचारलं.

आम्ही कपडे हातांवर टाकून कँटीनकडे पळालो. आत्या गुडघे विसरून मागून येत होती. कँटीनवाल्याच्या शेगडीवर चहासाठी पाण्याचं मोठं पातेलं उकळत होतं. तो नको नको म्हणत असताना बाबांनी बाह्या सरसावल्या आणि पहिला कपडा आत सोडला. “भाऊ, पाण्याचं मग बघू, माझ्या पोरीची परीक्षा आहे,” ते म्हणाले. झाऱ्याने दाबून, उलटवून त्यांनी तो वर काढला आणि टेबलावर टाकला. आमच्या डोळ्यांसमोर तो आखडत गेला. एक बाजू, मग दुसरी, मग गळा. कँटीनवाला चहा ओतायचा थांबला. “हे काय आहे?” त्याने विचारलं. बाबा पुढचा कपडा बुडवत होते. त्यांचा शर्ट कोपरापर्यंत भिजला होता, बोटं लाल झाली होती. आत्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळत होती आणि मी पंख्याखाली झटकत होते. कपडे घालून दाखवणाऱ्या मुलींनी ते ओलसरच अंगात घातले आणि “सुजा, गार लागतंय गं” म्हणत मंचावर गेल्या.

मला बक्षीस मिळालं नाही. ते कच्छवालीला मिळालं, आणि तिचं काम खरोखर सुरेख होतं. पण परीक्षकांत एक बाई होत्या, त्यांचं स्वतःचं छोटं दुकान होतं. कार्यक्रम संपल्यावर त्या मागे आल्या, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि विचारलं, “हे विणलं कुणी?” मी बाबांकडे पाहिलं. कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. बाबांनी ओल्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली.

“आमच्या कारखान्यात,” ते म्हणाले. “मुद्दाम तसं विणलंय.”

बाईंनी विचारलं, आणखी मिळेल का. बाबा म्हणाले, बघतो. 

होळी झाली आणि भंगारवाला त्याची माणसं, घण आणि टेम्पो घेऊन आला. लूम तोडताना जो आवाज होतो तो चालण्याच्या आवाजासारखा अजिबात नसतो. आई दार लावून आत बसली. मी आणि आत्या ओट्यावर होतो. एकेक सांगाडा सुटा होऊन बाहेर येत होता, आणि जमिनीवर तेलाचे काळे चौकोन उरत होते. बाबा आतच उभे होते. दुपारपर्यंत शेड रिकामी झाली, फक्त मागच्या कोपऱ्यातला, ज्यावर माझं कापड विणलं तो रहमतभाईंचा लूम राहिला. घणवाला त्याच्याजवळ गेला आणि त्याने बाबांना विचारलं, “शेठ, ये भी ना?”

“नाही,” बाबा म्हणाले. “ये चालू है.”

घणवाल्याने लूमकडे पाहिलं, मग बाबांकडे. लूम बंद होता, शेडमध्ये सगळंच बंद होतं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “शेठ, सब का सौदा हुआ है.”  बाबांनी रहमतभाईंकडे पाहिलं. रहमतभाईंनी खांद्यावरचा गमछा कमरेला बांधला, पुढे झाले, आणि लूम चालू करायचं हँडल ओढलं.